शौकीन आणि तिकीट

भात घरात आले, थंडी सरली, चैत्र जवळ आला, की आपल्या भोर-वेल्ह्याच्या मुलखात माणसांना यात्रेचे वेध लागतात. वेल्हे तालुक्याचे नाव आता राजगड तालुका झाले आहे. पण बोलताना आपण अजून वेल्हेच म्हणतो. असो.

यात्रा म्हटली की देवाचा अभिषेक आला, रात्रीचा छबिना आला, आणि दुसऱ्या दिवशी कुस्त्यांचा आखाडा आला. दुपारी हलगी कडाडली की म्हातारीकोतारी माणसेसुद्धा घरात बसत नाहीत. आधी लहान पोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्या. मग नारळावरच्या. मग इनामाच्या. शेवटी मोठी निकाली कुस्ती.

आखाड्याभोवती जे बसतात त्यांना आपण शौकीन म्हणतो. शौकीन स्वतः कुस्ती खेळत नाही. पण त्याच्यावाचून कुस्तीला रंग चढत नाही. आजचा पाठ या शौकिनाविषयी आहे. त्याच्या खिशाविषयीही आहे.

१. देवळातली बैठक

भोर तालुक्यातल्या एका गावी आम्ही रात्रीच्या वर्गासाठी गेलो होतो. वर्ग सुटला. त्याच देवळात यात्रा कमिटीची बैठक भरायची होती. गावकरी म्हणाले, "थांबा की. तुम्हीबी ऐका." म्हणून आम्ही थांबलो.

प्रश्न एकच होता. यंदा आखाड्याला तिकीट लावायचे का?

आजवर तिथे कधी तिकीट नव्हते. घरटी वर्गणी गोळा व्हायची. त्यातून पैलवानांची इनामे द्यायची. पण खर्च वाढला होता. कमिटीतले एक गृहस्थ म्हणाले, "इनाम वाढलं. मंडप महागला. वर्गणी पुरत न्हाय. आखाड्याला कनात बांधू आणि माणशी पन्नास रुपये तिकीट लावू. बाहेरगावची माणसं वर्गणी देत न्हाईत, फुकट बघून जातात. त्यांनीबी दिले पाहिजेत."

बोलणे खोटे नव्हते. बऱ्याच जणांनी माना डोलावल्या.

तेवढ्यात मागून एक तरुण उठला. तो शिरवळच्या कारखान्यात कामाला आहे. त्याला फुटबॉलचा भारी नाद. तो म्हणाला, "मी तिकिटं काढून खेळ बघितलेला माणूस आहे. मला दोन शब्द बोलू द्या."

गावचे वस्ताद हसले. म्हणाले, "आरं पोरा, चेंडूचा आणि तांबड्या मातीचा काय संबंध?"

तरुण म्हणाला, "वस्ताद, कोल्हापूरला जाऊन बघा. तिथं तालमींचेच फुटबॉलचे संघ आहेत. पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम. शाहू स्टेडियमवर त्यांचे सामने होतात. पेठेच्या पेठा बघायला लोटतात. शौकीन तिथून इथून सारखाच."

वस्ताद म्हणाले, "बरं, बोल."

२. तिकिटाच्या मागचा खर्च

तरुणाने सांगितले ते असे. काही वर्षांपूर्वी तो पुण्यात राहत होता. २०१४ साली आपल्या देशात इंडियन सुपर लीग नावाची फुटबॉलची मोठी स्पर्धा सुरू झाली. तीत पुण्याचाही एक संघ होता. त्याचे घरचे सामने बालेवाडीच्या क्रीडासंकुलात होत. हा तरुण ते बघायला जाई. एकदा त्याच्या मनात आले, गावाकडच्या भावाला, वहिनीला आणि त्यांच्या दोन मुलांना सामना दाखवावा. त्याने कागद घेऊन हिशेब मांडला.

आपणही तसाच हिशेब मांडून पाहू. आकडे नमुन्याचे आहेत. समजा, तिकीट माणशी २०० रुपये आहे.

चार तिकिटे : ८०० रुपये
भोरहून पुण्याला जाणे-येणे आणि शहरातली बस : ३०० रुपये
खाणे, चहा, पाणी : ४०० रुपये
एकूण : १,५०० रुपये

रोजची मजुरी ५०० रुपये धरली, तर ही तीन दिवसांची मजुरी झाली. सामना असतो दोन तासांचा. शिवाय त्या दिवसाचा खाडा झाला तो निराळा. रात्री सामना सुटल्यावर परतीची एस.टी. मिळेलच असे नाही.

म्हणजे तिकिटावर २०० रुपये छापलेले असतात. पण घरातून निघून घरी परत येईपर्यंत किती पैसे सुटतील, ते तिकिटावर छापलेले नसते. ते आपले आपणच मांडायचे असते.

येथे आणखी एक गोष्ट समजून घेऊ. महाग तिकिटावर सरकारचा कर असतो. त्याला वस्तू आणि सेवा कर म्हणतात. मान्यताप्राप्त क्रीडास्पर्धेचे तिकीट ५०० रुपयांपर्यंत असेल, तर हा कर लागत नाही. त्याहून जास्त असेल, तर शंभराला १८ रुपये लागतो. आय.पी.एल. या क्रिकेटच्या स्पर्धेला मात्र फार मोठा कर आहे. तो आधी शंभराला २८ रुपये होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ४० रुपये झाला. म्हणजे मूळ १,००० रुपयांचे तिकीट आधी १,२८० रुपयांना पडे. आता ते १,४०० रुपयांना पडते.

म्हणून तिकीट काढण्याआधी नीट वाचावे. मूळ किंमत किती, कर किती, बसायची जागा कोणती, वेळ काय. आता आपल्याला वाचता येते. दुसऱ्याला विचारायचे कारण नाही.

३. प्रेक्षक नसलेला खेळ

तरुण पुढे म्हणाला, "तिकीट महाग झालं की गरीब शौकीन बाहेर राहतो. पण शौकीनच नसला तर खेळाचं काय होतं, ते आपण सगळ्यांनी कोरोनाच्या साथीत बघितलंय."

मंडळी, ते दिवस कोण विसरेल? ९ मार्च २०२० रोजी पुण्यात पहिले रुग्ण सापडले. २४ मार्चच्या रात्री देशभर टाळेबंदी जाहीर झाली. एस.टी. थांबली. बाजार थांबले. पुण्यामुंबईला गेलेली माणसे मिळेल त्या वाटेने, कुणी पायी, गावाकडे आली. कितीतरी गावांनी वेशीवर काट्या टाकून रस्ते अडवले. आलेल्या माणसांना शाळेत चौदा चौदा दिवस ठेवले. आईने दारातून भाकरी ठेवावी आणि लेकाने लांबून बघावे, असे ते दिवस होते.

हा तरुणही तेव्हा गावी आला होता. चौदा दिवस शाळेत राहिला. त्यानंतर काम नव्हते. हातात मोबाईल होता. टेकाडावर चढले की त्यावर चित्र दिसे. १६ मे २०२० रोजी जर्मनी देशात फुटबॉलचे सामने पुन्हा सुरू झाले. मैदान हिरवेगार. खेळाडू तेच. पण बसायच्या जागा रिकाम्या. एका गावच्या शौकिनांनी तर पैसे भरून स्वतःची पुठ्ठ्याची चित्रे करून घेतली, आणि ती चित्रे रिकाम्या खुर्च्यांवर बसवली! माणूस घरात आणि त्याचे चित्र मैदानात.

पुढे आपल्या देशातली ती मोठी स्पर्धाही तशीच झाली. २०२०-२१ चे सगळे सामने एकट्या गोव्यात खेळवले. फातोर्डा, बांबोळी आणि वास्को ही तीन मैदाने. खेळाडूंना बाहेरच्या माणसांपासून वेगळे ठेवले होते. १३ मार्च २०२१ रोजी अंतिम सामना झाला. मुंबईच्या संघाने कोलकात्याच्या संघाला २ विरुद्ध १ असे हरवले. शेवटचा गोल अगदी शेवटच्या मिनिटाला झाला. एरवी मैदान दणाणून गेले असते. त्या दिवशी टाळी वाजवायला प्रेक्षकच नव्हता.

आपल्या पुणे जिल्ह्यातही हेच झाले. मार्च २०२१ मध्ये मावळातल्या गहुंजे येथे भारत आणि इंग्लंड यांचे क्रिकेटचे तीन सामने झाले. प्रेक्षकांना बंदी होती. एक शौकीन तिरंगा घेऊन जवळच्या डोंगरावर चढला आणि तिथून सामना बघत राहिला. नाद म्हणतात तो हा.

रोगाने खेळाडूंनाही सोडले नाही. जानेवारी २०२२ मध्ये महिला फुटबॉलची आशियाई स्पर्धा आपल्या राज्यात झाली. सामने मुंबई, नवी मुंबई आणि पुणे येथे होते. २३ जानेवारीला भारताच्या मुलींचा सामना होता. पण संघातल्या इतक्या जणींना कोरोना झाला, की खेळायला पुरेशा मुली उरल्या नाहीत. आपल्याच घरी भरलेल्या स्पर्धेतून आपला संघ बाद झाला.

४. वस्तादांचे म्हणणे

हे ऐकून वस्ताद गंभीर झाले. म्हणाले, "पोरगं खरं बोलतंय. पण पैलवानाचीबी बाजू ऐका."

ते म्हणाले, "जानेवारी २०२० मध्ये बालेवाडीला महाराष्ट्र केसरीची स्पर्धा झाली. त्याच्यानंतरची थेट एप्रिल २०२२ मध्ये साताऱ्याला झाली. मधली दोन वर्षं गावोगावच्या यात्रा बंद. आखाडे बंद. पैलवान वर्षभर तालीम करतो ती यात्रेच्या चार महिन्यांवर. इनामावर त्याचं दूध, तूप, बदाम चालतात. इनाम नाही तर खुराक नाही. चांगली चांगली पोरं माती सोडून गाडीवर, पहाऱ्यावर कामाला लागली. काही परत आलीच न्हाईत. हलगीवाल्याला सुपारी न्हाई. रेवडीवाल्याचं, खेळणीवाल्याचं पाल न्हाई. तेव्हा पैसा लागतो, हेबी खरं. फुकट कुस्ती कुठून आणायची?"

बैठक गप्प झाली. दोन्ही बाजू खऱ्या होत्या. पैशावाचून खेळ उभा राहत नाही. शौकिनावाचून खेळाला जीव येत नाही.

५. दहा हजार माणसे उठून गेली

तरुणाने तेव्हा एक परदेशची हकिगत सांगितली. ती आम्हाला फार आवडली.

इंग्लंडमध्ये लिव्हरपूल नावाचे बंदराचे शहर आहे. तिथला फुटबॉलचा संघ जगात नावाजलेला आहे. गोदीतली, कारखान्यातली माणसे पिढ्यान् पिढ्या त्याचे सामने बघत आली. २०१६ साली मालकांनी जाहीर केले, की पुढच्या हंगामात सगळ्यांत महाग तिकीट ७७ पौंड होईल. पौंड हे तिकडचे नाणे. आपल्याकडच्या त्या वेळच्या हिशेबाने ते सात हजार रुपयांहून जास्त झाले.

शौकिनांनी काय केले? दगडफेक केली नाही. ६ फेब्रुवारी २०१६ रोजी सामना होता. सामना नव्वद मिनिटांचा असतो. ७७ पौंडांचा निषेध म्हणून ७७ वे मिनिट लागताच सुमारे दहा हजार माणसे उठली आणि मैदानाबाहेर चालती झाली. त्यांचा संघ तेव्हा दोन गोलांनी पुढे होता. नंतर समोरच्या संघाने दोन गोल केले आणि सामना बरोबरीत सुटला.

चारच दिवसांत मालकांनी ती दरवाढ मागे घेतली आणि शौकिनांची माफी मागितली.

वस्ताद म्हणाले, "व्वा! डाव चांगला टाकला."

आम्हाला वाटते, या गोष्टीत दोन बोध आहेत. पहिला असा, की शौकीन एकटा असला तर दुबळा असतो. एकजुटीने उठला तर मालकालाही नमवतो. दुसरा असा, की सगळ्यांना कळेल असे एकच साधे कारण धरून आणि हात न उगारता केलेली गोष्ट लवकर पोचते.

६. बचत गटाच्या बाईंचा प्रश्न

बैठकीत बायकाही होत्या. त्यांतल्या बचत गटाच्या एक बाई बोलायला उठल्या. त्या म्हणाल्या, "पन्नास रुपये तिकीट लावलंत, तर घरातून कोण जाईल ते मी सांगते. गडी जाईल. फार तर थोरला पोरगा जाईल. बाई घरी राहील. पोरगी घरी राहील. पाच माणसांचे अडीचशे रुपये कोण काढतंय? आणि डोंगरातल्या धनगरवाड्यावरची, कातकरी वस्तीवरची माणसं तर कनातीबाहेरच उभी राहतील."

मग त्या जरा थांबल्या. म्हणाल्या, "माझी लेक तालमीत जाते. मार्च २०२३ मध्ये सांगलीला पोरींची पहिली महाराष्ट्र केसरी झाली. ती बघून माझ्या लेकीनं हट्टच धरला. उद्या ती आपल्या आखाड्यात उतरली आणि मलाच तिकिटापायी बाहेर बसावं लागलं, तर?"

यावर कुणी काही बोलले नाही. पण बैठकीचे मन तिथेच फिरले.

मग चर्चा होऊन असे ठरले. आखाड्याची जमीन सगळ्यांना मोकळी ठेवायची. मातीवर बसणाऱ्याला तिकीट नाही. बायकांसाठी एक बाजू राखायची. पुढे एका बाजूला दीडशे खुर्च्या टाकायच्या. ज्याला खुर्ची हवी त्याने शंभर रुपये द्यावेत. मात्र त्या खुर्च्यांनी मातीवरच्या माणसाची नजर अडता कामा नये. वर्गणी ऐपतीप्रमाणे घ्यायची. नोकरदारांनी जास्त द्यावी. मजुराने जमेल ती द्यावी. आणि यात्रा झाल्यावर आठ दिवसांत सगळा हिशेब देवळाच्या भिंतीवर फळ्यावर लिहायचा.

पन्नास रुपयांचा ठराव मांडणारे गृहस्थ म्हणाले, "खुर्च्या खपल्या न्हाईत तर?"

तरुण म्हणाला, "शिरवळच्या आमच्या कारखान्यातली वीस माणसं मी आणतो."

वस्ताद म्हणाले, "चेंडूवाल्यांना कुस्ती कळंल का?"

"शेजारी तुम्ही बसा, वस्ताद. मग कळंल."

सगळे हसले आणि बैठक उठली.

७. हिशेबाचा फळा

फळा कसा लिहावा, त्याचा नमुना खाली दिला आहे. आकडे उदाहरणासाठी आहेत. मोठ्याने वाचा.

जमा
घरवर्गणी : ६०,००० रुपये
नोकरदारांची देणगी : २५,००० रुपये
खुर्च्या १५०, दर १०० रुपये : १५,००० रुपये
एकूण जमा : १,००,००० रुपये

खर्च
कुस्त्यांची इनामे : ७०,००० रुपये
मंडप, माती, ध्वनिक्षेपक : १५,००० रुपये
हलगी, पंचांचा मान : ८,००० रुपये
पिण्याचे पाणी, औषधपाणी : ५,००० रुपये
एकूण खर्च : ९८,००० रुपये

शिल्लक : २,००० रुपये

ज्या गावात असा फळा लागतो, तिथे पुढच्या वर्षी वर्गणी मागायला फार बोलावे लागत नाही. देणाऱ्याला आपला पैसा कुठे गेला ते दिसते. आणि फळा वाचणारी माणसे गावात असली, की लिहिणाराही जपून लिहितो.

८. ध्यानात ठेवू

साथीने आपल्याला पुष्कळ दुःख दिले. काहींच्या घरची माणसे गेली. त्या दुःखापुढे खेळ ही लहान गोष्ट आहे. पण दोन वर्षे यात्रा भरली नाही, तेव्हा एक गोष्ट आपल्याला उमजली. चार माणसांनी एका जागी बसावे, एकाच डावाला एकदम "अरारा" करावे, जिंकलेल्याला खांद्यावर घ्यावे, हरलेल्याची पाठ थोपटावी, हेही माणसाला लागते.

म्हणून तिकीट लावताना दोन गोष्टी विचाराव्यात. या पैशाने खेळाडूच्या पोटात काही जाते का? आणि या दराने गावातला कोण बाहेर राहतो? पहिल्याचे उत्तर "नाही" असेल, तर तिकीट लावू नये. दुसऱ्याच्या उत्तरात एक जरी घर आले, तरी पुन्हा बसून विचार करावा.

त्या यात्रेला आम्ही गेलो होतो. आम्ही मातीवरच बसलो. शेजारी एक म्हातारे आजोबा होते. वेल्ह्याकडच्या डोंगरातून पहाटेच चालत निघाले होते. हलगी सुरू झाली तसे ते आम्हाला म्हणाले, "दोन वर्षं हा आवाज ऐकला नव्हता. तवा वाटलं, आता आपल्याला काय पुन्हा ऐकू येत न्हाई."

समोर पोरींची पहिली जोड लागली. बचत गटाच्या बाई पुढच्या रांगेत, मातीवर बसल्या होत्या.

प्रश्न

१. कमिटीला तिकीट का लावावेसे वाटले?
२. तुमच्या घरातली सगळी माणसे पुण्याला सामना बघायला गेली, तर किती खर्च येईल? वहीत हिशेब मांडा.
३. लिव्हरपूलच्या शौकिनांनी कोणत्या मिनिटाला मैदान सोडले? तेच मिनिट का निवडले?
४. तुमच्या गावच्या यात्रेचा हिशेब फळ्यावर लागतो का? लागत नसेल, तर पुढच्या बैठकीत विचारा.